पाय न आपटता

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

ऐक,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. काल संध्याकाळपासून एकोणीस वेळा लावला. विसाव्यांदा लावताना फोन हातातून निसटून बादलीत पडला. हसायचं असेल तर हस, पण पुढचं वाच.

तुझ्या बाबांचं, म्हणजे सरांचं, हाड मोडलं. गळ्याच्या डाव्या बाजूचं, मानेपासून खांद्याकडे जातं ते. मी मोडलं.

पोस्टमनकाकांनी तुला कळवलं असेलच. त्यांचा फोन तू उचलतेस, माझा नाही. माझ्याबद्दल ते काय म्हणाले असतील तेही मला माहीत आहे. 'काडेपेटीनं शेवटी पेट घेतला.' पण ते कोपऱ्यात माइक धरून उभे होते. सरांच्या समोर मी होतो. म्हणून माझ्याकडून ऐक.

आपल्या आयकिडोच्या शाळेला वीस वर्षं झाली म्हणून हॉलमध्ये दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. जिन्यातसुद्धा माणसं उभी होती. शेवटचा कार्यक्रम सरांचा. सर मॅटच्या मधोमध, आम्ही पाच जण कडेला गुडघ्यांवर बसलेले. एकेकानं उठायचं, हल्ला करायचा, सर टाकणार, आपण पडायचं, उठून जागेवर. पहिले चौघे झाले. बँकेतला तो पैलवान तर असा उडाला की लोक 'आईगं' म्हणाले. पाचवा मी.

मी उठलो. तू शुक्रवारी जिन्यात सांगितलंस तसंच केलं. पाय आपटला नाही, ओरडलो नाही. नुसता धावलो.

सर हलले नाहीत.

एवढंच मी कालपासून मनातल्या मनात म्हणतोय. सर हलले नाहीत. हात वर आला नाही, खांदा वळला नाही, काहीच नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी जिथून उठलो होतो त्या जागेकडे बघत होते. मी त्यांच्या पुढ्यात पोचलो तरी ते त्या रिकाम्या जागेकडेच बघत होते. काठी बसली तेव्हा वाळकी फळी मोडल्यासारखा आवाज आला. सर पडले, आणि पडतानाही शिकवल्यासारखे पडले, हनुवटी छातीला, उजवा तळवा मॅटवर थाडकन. मग मान वर करून म्हणाले, "कोण?"

कोण! मी त्यांच्या नाकासमोर उभा होतो.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीडशे माणसांनी! त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या वाजत होत्या, सर उठत नव्हते, आणि मी हातात काठी घेऊन मठ्ठासारखा उभा. दातांच्या डॉक्टर मॅडम धावत आल्या, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

आता मी हॉलखाली, दुकानात आहे. शटर अर्धं खाली. रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसून लिहितोय. एरवी रविवारी डोक्यावर धपाधप माणसं पडत असतात. आमचे मास्तर (सीट-कव्हर शिवणारे, तुझे बाबा नव्हेत) नेहमी म्हणतात, वर रोज पन्नास जण पडतात, पण छत कधी पडलं नाही. आज ते आले, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता गेले. वर काहीच आवाज नाही.

तू का सांगितलंस ते मला कळत नाही. जिन्यात तू बुटाची नाडी बांधत होतीस. म्हणालीस, "ते पाय आपटणं खोटं आहे. बाबांना मनातून आवडत नाही. उद्या एकदा न आपटता जा, बघ ते काय करतात." आणि माझी बाही धरलीस. त्या बाहीपायी तू विहिरीत उडी मारायला सांगितलं असतंस तरी मी मारली असती, हे तुला ठाऊक होतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सगळे विचारतायत, "का रे? का?" मी गप्प. तू उत्तर दे, मग ठरवतो.

मी


११ फेब्रुवारी, बुधवार, दुपार

ऐकतेयस का?

माझं डोकं जागेवर नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

आज दातांच्या डॉक्टर मॅडम दुकानात आल्या. फोमच्या थप्पीवर बसल्या. त्यांचा दवाखाना बंद करून आल्या होत्या, म्हणजे दोन-चार जबडे त्यांनी तसेच उघडे सोडले असणार. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. मी तयारच होतो. गेल्या चार दिवसांत कोणी मारलं नाही याचाच मला त्रास होतोय.

त्या म्हणाल्या, "काडेपेटी, सरांना तू कधी तुझ्याकडे बघताना पाहिलंयस?"

"रोज बघतात की."

"तुझ्याकडे, की तुझ्या आवाजाकडे?"

मी म्हटलं, "मॅडम, कोडी नका घालू, मला झोप नाही."

"सरांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. "काचबिंदू. सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं थोडं दिसायचं. आता उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, सर स्कूटर चालवतात.

"पोस्टमन मागे बसतात ना?"

बसतात. रोज सकाळी साडेसहाला सर पुढे, पोस्टमनकाका मागे, दोन्ही हात सरांच्या खांद्यांवर. मला वाटायचं, काका घाबरट आहेत, धरून बसतात. ते डावा खांदा दाबतात तेव्हा डावीकडे वळायचं, उजवा दाबला की उजवीकडे, दोन्ही दाबले की ब्रेक! सहा वर्षं! त्यातलं दीड वर्ष माझ्या डोळ्यांदेखत! दुकानाच्या शटरजवळ उभा राहून मी त्यांना रोज हात दाखवायचो आणि सर मान हलवायचे. काका त्यांच्या कानात सांगत असणार, काडेपेटी उभा आहे म्हणून.

मग एकेक सुटायला लागलं. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात, सरांवर हल्ला करण्याआधी डावा पाय मॅटवर आपटायचा, मोठ्यानं 'हा!' करायचं, ही आपल्या शाळेची रीत. दुसऱ्या कुठल्याच शाळेत असलं काही करत नाहीत, मी व्हिडिओ बघितलेत. मी सगळ्यांना सांगायचो, आपण काय बैल आहोत का पाय आपटायला? ती रीत नव्हतीच. ते सरांना कळवणं होतं, की मी इथून येतोय, एवढ्या लांबून, तयार राहा.

आणि दोरी. मागच्या वर्षी पोस्टमनकाका म्हणाले, मॅटच्या कडेनं जाड दोरी घालून शिवून दे, दिसायला बरं दिसतं. मीच शिवली. चार सुया मोडल्या. दिसायला बरं दिसतं! सरांच्या तळपायाला मॅट कुठे संपते ते कळावं म्हणून ती दोरी होती, आणि मी तिला कसला रंग द्यावा म्हणून दोन दिवस विचार करत बसलो होतो.

मी मॅडमना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तपकिरी पट्टा मिळाला की सांगतो. पट्टा बांधायचा, बाजूला न्यायचं आणि सांगायचं. अकरा जणांना सांगितलंय, एकानंही बाहेर बोलून दाखवलं नाही. तू हिरव्या पट्ट्यावर आहेस. तुला जूनमध्ये सांगणार होतो."

"आणि सरांना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे ते?"

"छे. सरांना वाटतं, कोणालाच कळलेलं नाही. त्यांना तसंच वाटू द्यायचं, हेच तर ठरलं होतं."

जाताना त्या म्हणाल्या, "पण एक सांग. तुझा हल्ला तर हातानं करायचा ठरला होता ना?"

मी म्हटलं, कात्री सापडत नाहीये, आणि टेबलाखाली शिरलो.

त्या गेल्या. मी मशीनवर बसलो, एक कव्हर उलटं शिवलं, उसवलं, पुन्हा उलटं शिवलं. आणि मग सुई मध्येच थांबवून मला जे सुचलं ते चार दिवसांत का सुचलं नाही, देव जाणे.

तुझा पट्टा तपकिरी आहे. ते सोड. तू त्यांच्या घरात वाढलीस.

तुला माहीत होतं.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

कालचं पत्र टाकल्यापासून माझ्या अंगाची आग आग झाली आहे. हे लहानच लिहितो.

तू मला काठीसारखं वापरलंस. बापाला स्वतः सांगायची हिंमत नव्हती, तर माझ्यासारखा एक गाढव शोधलास, ज्याला बाही धरली की पुरतं. आणि स्वतः शुक्रवारच्या गाडीनं निघून गेलीस, शनिवारी ड्युटी आहे म्हणून. बघायलासुद्धा थांबली नाहीस!

मी सगळ्यांना सांगतो की तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. ते खोटं आहे. होस्टेलच्या रेक्टरशी मारामारी झाली, माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. पाचव्या सत्रात घरी आलो. आईनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग दुकानात लागलो, आणि एक दिवस वरून कोणीतरी जिना उतरताना म्हणालं, "इथे रोज नुसतं ऐकत बसण्यापेक्षा वर येऊन पड की." ती तू. त्या दिवसापासून मी पडतोच आहे. पण तुझ्यासाठी काही सोडलं होतं असं मला कोणालातरी सांगता यायला हवं होतं, म्हणून ते कॉलेज.

बावीस तारखेला रविवारी वर बैठक आहे. सगळे तपकिरी आणि काळे पट्टे बसणार, मी मध्ये. 'का' एवढाच प्रश्न आहे. उत्तर नाही दिलं तर मला काढणार. दिलं तर तुझ्या बाबांना कळणार की हे त्यांच्या मुलीचं काम.

मी सांगणार आहे. नीट ऐक, सांगणार आहे.


२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पोस्टमनकाकांनी स्वतः हातात दिलं. कार्ड आहे, म्हणजे त्यांनी वाचलंय. वाचलं नाही असं दाखवायला ते बराच वेळ आमच्या दुकानातल्या पंख्याकडे बघत उभे राहिले.

तीनच ओळी लिहिल्यास. मला पाठ झाल्यात.

'मागच्या महिन्यात बाबांच्या स्कूटरचा धक्का एका शाळकरी मुलीला बसला. पाठीवर दप्तर होतं म्हणून वाचली. त्यांना वाटलं, कुत्रं होतं. तुझा हल्ला हाताचा होता, काठी तुला कोणी सांगितली?'

मी कार्ड खिशात घातलं आणि मागच्या मोरीत जाऊन उभा राहिलो. डोक्यावर पाणी ओतलं. काही उपयोग झाला नाही.

काठी कोणी सांगितली नव्हती. आतापर्यंत तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत मी ती काठी अशी लिहिली, जशी काय ती आधीपासून माझ्या हाताला फुटलेली होती. माझा हल्ला रिकाम्या हाताचा होता, वरून डोक्यावर. त्यानं सरांना फार तर खरचटलं असतं, नाहीतर नाक फुटलं असतं. तुला तेवढंच हवं होतं, लोकांसमोर एकदा उघडं पडावं आणि स्कूटर सुटावी. पण पैलवान उडाल्यावर लोक 'आईगं' म्हणाले ते माझ्या डोक्यात गेलं. मला वाटलं, माझी पाळी नुसत्या हाताची, कोण बघणार? भिंतीवर काठ्या ठेवायच्या घोडीतून एक काठी काढली. पाय न आपटता आणि काठी घेऊन! सर कसलं भारी काहीतरी करतील, काका तुला फोनवर सांगतील, काडेपेटी काय उडाला म्हणून. तेवढं तुझ्या कानावर जावं, यासाठी.

काढतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून मी जपलो. सरांच्या कानांना तेवढी तरी सूचना मिळाली असती. तीही मी मिळू दिली नाही.

तर बैठक. मी मध्ये गुडघ्यांवर. बाकीचे बारा गोल करून. सरांची जागा रिकामी.

मॅडम म्हणाल्या, "पाय का आपटला नाहीस?"

"मस्ती आली."

"काठी?"

"तीपण मस्ती."

पैलवान म्हणाला, "नुसती मस्ती? सहा वर्षं आम्ही त्या माणसाला तळहातावर झेललंय. तू एका फटक्यात..." एवढा मोठा माणूस, पट्ट्याच्या टोकानं डोळे पुसत होता.

पोस्टमनकाका म्हणाले, "कोणी सांगितलं होतं का तुला?"

त्यांनी कार्ड वाचलंय! त्यांना सगळं माहीत होतं, तरी विचारत होते. मला वाट करून देत होते, की सांगायचं असेल तर आत्ता सांग. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं. शपथ घेऊन सांगतो, जिभेच्या टोकावर होतं. गुरुवारपासून मी घोकत होतो, कसं सांगायचं ते.

मी म्हटलं, "मला कोण सांगणार? मी कोणाचं ऐकतो का कधी?"

यावर दोघे-तिघे हसले. सवयीनं. मग त्यांना आठवलं, हसायचं नाहीये.

पट्टा सोडून मध्ये ठेवायला सांगितला. ठेवला. सर स्वतः बोलावतील तेव्हाच जिना चढायचा, तोवर नाही. सर काही बोलावणार नाहीत. चपला हातात घेऊन मी खाली आलो.

तुझं नाव मी का घेतलं नाही, ते प्रेमाचं वगैरे समजू नकोस. तेही असेल. पण खरं म्हणजे, तुझं नाव घेतलं असतं तर काठी अर्धी तुझी झाली असती. ती पूर्ण माझीच आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. त्या पोरीचं दप्तर मात्र डोळ्यांपुढून जात नाही. ती गल्लीतली दोन वेण्यांची असणार. ती रोज साडेसहाला आमच्या दुकानासमोरून जाते. मी तिलाही हात दाखवतो.


८ मार्च, रविवार, दुपार

ऐक, आणि उभी असशील तर खाली बस.

सरांनी बोलावलं. काल सकाळी पोस्टमनकाका शटरपाशी येऊन म्हणाले, "वर जा. एकटाच जा." आणि ते मुद्दाम खाली, आमच्या मास्तरांशी भाजीच्या भावाबद्दल बोलत उभे राहिले. काका भाजी आणत नाहीत, सगळ्यांना माहीत आहे.

हॉलच्या दारात पोचलो आणि काय करावं सुचेना. पाय आपटायचा की नाही? आपटला तर अपमान, नाही आपटला तर... मी तसाच उभा.

आतून आवाज आला, "श्वास तरी सोड."

सर खिडकीजवळ बसले होते. डावा हात गळ्यातल्या झोळीत. दाढी वाढलेली. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि या वेळी मला ते दिसलं. एवढं सरळ दिसत होतं! दीड वर्ष मी काय बघत होतो?

"बस. धर," ते म्हणाले आणि उजवा हात पुढे केला.

"सर, तुमचं हाड..."

"डावीकडचं मोडलंय. हा उजवा. धर, गाढवा."

मी मनगट धरलं. सरांनी हात थोडासा फिरवला, आणि कसं काय माहीत नाही, माझंच मनगट त्यांच्या बोटांत होतं. टाकलं नाही त्यांनी. नुसतं धरून ठेवलं.

"पाय का आपटला नाहीस?"

"विसरलो."

"पुन्हा सांग."

"विसरलो, सर."

"हं. 'विसरलो' म्हणालास की तुझा अंगठा दगड होतो. बरं, काठी?"

"काठी माझी. मीच काढली. कोणी सांगितलं नव्हतं. आवाज न करता काढली."

"आता माणसाचा हात लागतोय," सर म्हणाले.

मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. सरांनी तसंच धरून ठेवलं होतं. मग त्यांची बोटं माझ्या मनगटावरच्या रबराला लागली. तुझ्या. तू ते जिन्यात टाकून गेली होतीस, ते मी उचललं, हे आजवर तुला सांगितलं नव्हतं.

"हे काय?"

"रबर."

"केसांचं?"

"हो."

"तुझे केस केवढे?"

"बारीक आहेत, सर."

सरांनी ते रबर ताणून सोडलं. मग म्हणाले, "तिची आई गेल्यावर तिचे केस मी बांधायचो. दर पंधरा दिवसांनी रबरं संपायची. कुठे जातात, कुठे जातात म्हणून ओरडायचो. अशी जातात होय?" आणि मग, त्याच आवाजात, "तिनं सांगितलं होतं ना?"

मी उत्तर देऊन काय करणार? माझा हात त्यांच्या हातात होता.

त्यांनी हात सोडला. खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, रडतायत. रडत नव्हते. रागानं त्यांची मान लाल झाली होती.

"आणि हे बाकीचे," ते म्हणाले. "यांना वाटतं, मला कळत नाही. सहा वर्षं सांभाळतायत मला. अरे, मला डोळ्यांनी दिसत नाही, हाताला दिसतं! माणूस मी टाकला म्हणून पडला की आपणहून पडला, ते मला कळणार नाही? तो पैलवान तर मी हात लावायच्या आधीच उडतो. कधी कधी वाटतं, बाजूला होऊन बघावं, एकटाच किती लांब जातो ते."

मी हबकलो. म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सगळे इतके मन लावून पडत होते."

तुला हे वाचून काय होतंय मला माहीत नाही. हे त्यांच्यापासून लपवत होते, ते यांच्यापासून, आणि सगळे मिळून रोज सकाळी साडेसहाला पाय आपटत होते.

मी माफी मागितली. कॉलेजात मागितली नव्हती ती हीच असावी, इतकी आत अडकली होती. सर म्हणाले, "ऐकली. हाड मोडलंय, ते माफीनं सांधत नाही. सहा आठवडे लागतील. तोवर माझी बटणं लावायला येत जा, पोस्टमनच्या बोटांत जोर नाही."

मग आज. आज सकाळी सर झोळीतल्या हातासकट मॅटवर आले. चालत आले, काका बरोबर होते. सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "मला दिसत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. झालं? आता आजपासून पाय आपटणारा घरी जाईल. लांबून धावून यायचं नाही. गप्प यायचं, आधी मनगट धरायचं, मग काय करायचं ते करा. आणि उगाच कोणी पडायचं नाही."

कोणी हललं नाही. दातांच्या डॉक्टर मॅडम तोंड उघडं टाकून बसल्या होत्या, त्यांच्या पेशंटसारख्या. शेवटी पैलवान उठला. धरलं. सरांनी एका हातानं फिरवलं, आणि पैलवान पडलाच नाही! खांबासारखा उभा! घाबरून म्हणाला, "सॉरी, सर." सर एवढे हसले की मोडलेलं हाड दुखून कळवळले, तरी हसत होते. "अरे वा," म्हणाले, "पुन्हा धर." चौथ्या वेळेला तो गेला. खरा गेला. मी दारात उभा होतो, पट्टा अजून मिळालेला नाही, तरी मला फरक कळला. तो आवाज मी खाली दुकानात कधीच ऐकला नव्हता.

मग एक खेळ झाला. सगळ्यांनी रांग करायची, न बोलता एकेकानं पुढे जाऊन मनगट धरायचं, आणि सर कोण ते सांगणार. नऊ जण बरोबर ओळखले. मॅडमना आपल्यातला सुतार समजले, त्यावरून मॅडम अजून रुसल्यात. काकांची पाळी आली तेव्हा सरांनी नाव न घेता नुसता त्यांचा खांदा दाबला. आधी डावा, मग उजवा. मग दोन्ही. काका तिथेच मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

नंतर बटणं लावताना सरांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. "ही तिला पाठव."

मी म्हटलं, "ती आली की तुम्हीच द्या."

"ती येणार असं तुला कोणी सांगितलं? माझा तिच्यावर राग आहे. तिनं मला तोंडावर सांगायला हवं होतं, तुझ्या हातून नाही. पण स्कूटरचं तिचं बरोबर होतं. ते दप्तर होतं की कुत्रं, मला तेव्हाच कळलं होतं. कुत्रं 'आई' म्हणत नाही. एवढं लिही तिला. गोड करून लिहू नकोस."

मी गोड केलेलं नाही. किल्ली या पाकिटात आहे, पुठ्ठ्याला टाचून शिवली आहे, फाटू नये म्हणून.

आणखी एक गोष्ट म्हणाले. लिही असं म्हणाले नाहीत, पण लिहू नको असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "सगळ्यांत वाईट ती पडायची. पैलवान निदान हात लागेपर्यंत तरी थांबायचा कधीमधी. ती वार करतानाच पडायला लागायची. बापाचा तोल जाईल म्हणून." मग शेवटचं बटण लावून झाल्यावर, "तिनं खरं धरलं तर कसं लागतं, ते मला आठवतच नाही."

मला उत्तर लिहू नकोस. हवं तर लिही, पण त्याची मी वाट बघत नाही (बघतो). रबर पाठवत नाही. ते सरांनी बघून घेतलंय, आता ते माझंच.

रविवारी सकाळी रांग असते. आलीस तर जिन्यात माझ्याशी बोलू नकोस, कोणाशीच बोलू नकोस. चपला हातात घे, शेवटी उभी राहा, तुझी पाळी आली की पुढे जा आणि धर.

आणि ते टाकेपर्यंत पडू नकोस.

काडेपेटी